अंगठा

विद्यापीठात शिकणारी ऋतुजा मोबाईलपायी चार रात्री जागली आणि अखेर दुपारी झोपली, तेव्हा तिच्या आईला, वैजयंतीला हायसं वाटलं. मोबाईल वैजयंतीनंच बंद करून ज्वारीच्या डब्यात खोल पुरला होता. कुंभारी गावातल्या त्यांच्या एका खोलीच्या घरात ती विडीची पानं कातरत बसली.

थोड्या वेळानं लेकीचा अंगठा हलला. मोबाईलवर फिरवावा तसा चादरीवर खालून वर, पुन्हा खालून वर.

"झोपेत तरी गप पड की गं," वैजयंती पुटपुटली.

तेवढ्यात डब्यातून गाणं ऐकू आलं. अंगठा वर सरकला तसं गाणं अर्ध्यात तुटलं आणि कुणीतरी हसलं. पुन्हा सरकला, हसणं तुटलं, कुत्रं भुंकलं. वैजयंतीची कात्री थांबली.

मग अंगठाही थांबला.

डब्यातून आता पानं कातरल्याचा आवाज येत होता. तोही थांबला, आणि वैजयंतीला तिचाच आवाज ऐकू आला. "ऋतुजा, ऊठ की गं. मला भ्या वाटायलंय."

वैजयंतीनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

ऋतुजानं झोपेतच कंटाळून सुस्कारा टाकला, आणि तिचा अंगठा हळूहळू वर सरकू लागला.