हललेले चित्र

१२ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. पडद्यावर मेंदूची चोवीस चित्रे होती. प्रत्येकावर फक्त आकडा. त्यांतली संशयविकाराची कोणती आणि निरोगी कोणती, हे ज्येष्ठ संशोधकांनी नुसत्या चित्रावरून ओळखायचे होते. उत्तरे त्यांच्या पत्नीकडे होती. प्रयोगशाळेचा कारभार तीच पाहत असे.

निरोगी गटासाठी प्रयोगशाळेतल्या सर्वांनीच आळीपाळीने यंत्रात डोके घातले होते. संशोधकांची पाळी आली, तेव्हा काचेपलीकडे पत्नी आणि प्रयोगशाळेतला तरुण मनोविकारतज्ज्ञ डोक्याला डोके लावून कुजबुजताना त्यांना दिसले. ते यंत्रातून बाहेर येताच दोघे चिडीचूप. तेव्हापासून ते दोघांवर नजर ठेवून होते. तरुण तिला ‘ताई’ म्हणे. म्हणायला काय, जीभ थोडीच झिजते!

तेरा चित्रे भराभर झाली. चौदावे किंचित हललेले होते.

“कुणाची तरी मान वळवळली,” ते म्हणाले आणि त्यांनी तरुणाकडे पाहिले. हा पठ्ठ्या घडीभर स्वस्थ बसत नसे. आताही पेनाच्या टोपणाशी चाळा चालला होता. चोराच्या मनात चांदणे. चित्र याचेच! आजच याला घरचा रस्ता.

“सर, हे वगळू या ना,” तरुण घाईने म्हणाला.

“तुला का रे घाम फुटला?”

“वगळू नका,” पत्नी म्हणाली. “काय दिसतं ते सांगा.”

संशोधकांनी खुर्ची पुढे ओढली. आठवणींचे मंडळ आणि भीतीचे मंडळ यांना जोडणारा धागा लालभडक पेटला होता.

“विकार स्पष्ट आहे. दोन माणसं साधी बोलताना दिसली, तरी हा त्या आठवणीला तिखटमीठ लावणार. याच्याशी संसार करणारीची कीव येते.”

“बरा होईल?”

“उपचार घेतले तर. पण घेणार नाही. असली माणसं स्वतःला दीडशहाणी समजतात.”

“जवळच्या माणसानं सांगितलं तर?”

“हं! सांगून तर बघ म्हणावं.”

उरलेली दहाही झाली. तरुणाने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. संशोधकांनी तेही टिपले.

तिने उत्तरे ताडून पाहिली आणि चष्मा काढला.

“चौदावं चित्र तुमचं आहे. निरोगी गटात नाही, विकाराच्या गटात मी ते धरलं होतं.”

चोवीसपैकी चोवीस उत्तरे बरोबर होती.