द्वारकेची उंडी

डिझेल यायचं बंद झालं तेव्हापासून गावातल्या होड्या उंडीच्या बियांच्या इंधनावर चालत. माणूस गेलं की त्याच्या नावानं एक उंडी लावायची आणि तिचं इंधन फक्त दिव्यात घालायचं, इंजिनात कधीच नाही, असा रिवाज पडला होता.

हरेश्वर तांडेलाने बायकोच्या, द्वारकेच्या उंडीच्या इंधनाचा डबा देवघरातून उचलला, तेव्हा शेजारची चंद्रीमावशी दारात आडवी आली.

"अरे, बायकोला दुसऱ्यांदा जाळतोस?"

"वादळानं बाकीची झाडं झोडपली, टाकी कोरडी आहे. सून अडली आहे, मावशी. दवाखाना खाडीपलीकडे. दिवा लावून बघत बसू काय?"

मावशी बाजूला झाली. मग तिनेच सुनेला, रेवतीला धरून होडीत बसवलं.

द्वारका जन्मभर पाण्याला भ्यायली. तांडेलाची बायको असून तिने होडीत कधी पाय ठेवला नव्हता. खाडीच्या मध्यावर इंजिन अडखळलं.

हरेश्वरने तापलेल्या इंजिनावर हात ठेवला. "भिऊ नको. पलीकडेच जायचंय."

"नाही भीत, मामा," कळ सोसत रेवती म्हणाली.

इंजिन सावरलं.