लोखंड बंद

“बाभळीच्या अंगानं पोरीले खाली सोडू नोको वं, तिथं कुठंतरी पाण्याचा फसलेला बोर आहे.” रंगूबाई सकाळी घरून निघतानाच म्हणाल्या होत्या. वैजयंतीनं हूं म्हटलं आणि डबा पिशवीत टाकला. सासूबाईंच्या सांगण्यात बोर आणि चकवा एकाच सुरात यायचे. बीएस्सी झालेल्या सुनेनं कशाकशाला भ्यायचं?

आता रिठदच्या शिवारात, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात, तिचा नवरा लखन कानाला हेडफोन लावून मशीन फिरवत होता. ऑनलाइन मागवलेलं. दांडीच्या टोकाला ताटाएवढी चकती. ती जमिनीत लहरी सोडते, खालचा धातू उत्तर देतो, पडद्यावर आकडा येतो. चांदीचा मोठा, लोखंडाचा लहान. वैजयंतीला हे सगळं पाठ झालं होतं, कारण महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. आणि सकाळपासून निघालं काय, तर गुटख्याच्या चंदेरी पुड्या, बाटलीचं एक झाकण आणि पंचवीस पैशांचं नाणं.

“अंजूले कुठं बसवू?” तिनं ओरडून विचारलं.

“त्या बाभळीखाली. दोनदा फिरलो तिथून, काईच वाजलं नाई. साफ आहे.”

बोर म्हणाल्या होत्या खऱ्या. पण बोर मारला तेव्हा बाभळी तीन होत्या, नंतर दोन तोडल्या. आणि मशीन म्हणतंय साफ. वैजयंतीनं दोन वर्षांच्या अंजूला सावलीत बसवलं. पोरगी लगेच करवंटीनं माती उकरायला लागली.

वावराच्या कडेला, धुऱ्यावर गवत कापणाऱ्या रंगूबाईंनी कंबर सरळ केली. “काहून रे लखन, तुह्या मशीनले गुटख्याची पुडी सापडते, मंग तुह्या बापानं बोरावर पालथं घातलेलं घमेलं काहून नाई सापडत?”

“कोणतं घमेलं?” वैजयंतीनं विचारलं.

“पाणी नाई लागलं, तं आतला केसिंगचा पाइप काढून दुसऱ्या बोराले नेला. भोकावर घमेलं घातलं न् माती लोटली. समदे असंच करतात.”

“घमेलं लोखंडाचं राह्यते,” लखन एक कान मोकळा करत म्हणाला. “लोखंड मी बंद ठेवलं आहे.”

“बंद म्हंजे?”

“म्हंजे खाली लोखंड आलं की मशीन गप बसते. नाईतर वावरात खिळे, फाळाचे तुकडे, बैलाच्या नाला. दिवसभर कुईकुई. डोकं उठते.”

“म्हंजे तिथं काही नाही म्हणून ते गप नव्हतं?”

“आता सोनं-चांदी पाह्यची का खिळे?”

“चालू करा.” ती बाभळीकडे निघालीही होती.

“अवं, सेटिंग पुन्हा...”

“लखन, चालू कर!”

लग्नाला चार वर्षं झाली होती. नावानं, अरे-तुरे, तेही सासूसमोर, पहिल्यांदाच. रंगूबाई विळा तिथंच टाकून बाभळीकडे निघाल्या.

वैजयंतीनं अंजूला उचललं. करवंटी खाली राहिली म्हणून पोरीनं भोकाड पसरलं. लखननं हेडफोनची वायर उपटली आणि लोखंड चालू केलं. येताना मशीन पावलापावलाला कुरकुरलं. खिळे, नाला, असेल ते. बाभळीखाली मात्र आवाज सुरू झाला आणि थांबेचना. जाड, घोगरा, परातभर जागेत एकसारखा.

खणायला फारसं लागलं नाही. अंजूच्या खड्ड्याच्या तळाशी तांबूस गंज दिसतच होता. लखननं त्यावर नुसता अंगठा टेकवला, तर तो पापडासारखा मोडला आणि अंगठा आत गेला.

त्यानं त्या फटीतून एक ढेकूळ सोडलं. तिघंही ऐकत उभी राहिली. आवाज यायला इतका वेळ लागला, की अंजूसुद्धा रडायची थांबली.

वैजयंतीला आता मशीनबद्दल कोणी विचारलं तर ती एवढंच सांगते: ते कसं चालतं ते मी नंतर सांगते. आधी उठा, तुमचं लेकरू कुठं बसलंय ते पाहून या.