निरोगी चाल

"लई आवळू नको, पाय सुजलाय," गंगम्मा म्हणाली.

सिद्धरामनं आईच्या घोट्यावरचा पट्टा सैल केला. पट्ट्यात काडेपेटीएवढी डबी होती. पाय कसा उचलला, कुठं अडखळला, हे ती डबी समोरच्या लॅपटॉपला कळवायची. हैदराबादच्या एका संस्थेत तो हेच काम करायचा. मेंदू पावलं कशी सांभाळतो आणि आजारात ती हातची कशी सुटतात, याचं गणित तो मांडत होता.

जळकोटजवळच्या त्यांच्या गावात या आजाराला 'झोका' म्हणत. चाळिशीच्या आसपास माणूस चालताना झोके घ्यायला लागायचा. मग जीभ जड व्हायची, मग अंथरूण. आईबापांत एकाला असला, तर लेकरांत कुणाला येईल याचा नेम नव्हता. गंगम्माच्या वडिलांना होता, भावाला होता, आता तिला. औषध कुठंच नव्हतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर आला की वेशीत झुंबड उडायची. मागं एकदा भरली घागर घेऊन निघालेली गंगम्मा सगळ्यांसमोर पडली. पाणी मातीत गेलं.

"सकाळीच ढोसून आली का गं?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

गळ्यात इष्टलिंग बांधलेली, दारूला कधी न शिवलेली लिंगायत बाई ती. तेव्हापासून ती वेशीकडं फिरकली नव्हती.

शाळेला सुट्टी होती. व्हरांड्याची फरशी सपाट, म्हणून सिद्धरामनं मोजणी तिथंच मांडली होती. आसपासच्या गावांतले आजारी येऊन चालून गेले होते, त्यांची निरोगी भावंडंही. लॅपटॉप चाल पाहूनच रंग ठरवायचा: आजाऱ्यांचे ठिपके लाल, निरोग्यांचे हिरवे. गंगम्मा भिंत धरत चालली. तिचा ठिपका लाल घोळक्याच्या पार मधोमध जाऊन बसला.

"माझं काय नवीन," ती म्हणाली. "आमच्या उमाला बघ. दोन घागरी घेऊन येती, थेंब सांडत न्हाई."

धाकटी उमादेवी खांबाला टेकून उभी होती. भालकीच्या वीरण्णाशी तिचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाडाला पाजायला पाणी नाही, म्हणून ते पावसाळा सरेपर्यंत पुढं ढकललं होतं.

"अण्णा, माझं मोज."

"तुला कशाला? ठणठणीत हाईस की."

"आल्यापासून हेच सांगायलास. वीरण्णाला म्या अव्वाचं सगळं सांगितलंय," तिनं आईकडं बोट केलं. "ते म्हणले, तुझं काय? मला जबाब देता आला न्हाई."

सिद्धराम बॅटरी उतरल्याचं काहीतरी बोलला. उमादेवीनं आईच्या पायातले पट्टे सोडले आणि स्वतःला बांधले.

ती चालली. सरळ, हलकी. टोकाला वळली, परत आली. पाहणाऱ्याला खोट काढता आली नसती. बऱ्याच दिवसांनी गंगम्मा हसली.

ठिपका उमटला. लाल घोळक्याच्या कडेला होता, पण लाल होता.

"परत एकदा चाल," सिद्धराम म्हणाला. ती चालली. ठिपका जागचा हलला नाही. प्रत्येक पाऊल तिच्याही नकळत किंचित चुकत होतं आणि पुढचं पाऊल ती चूक सावरत होतं. डोळ्यांना ते दिसायला अजून बरीच वर्षं लागणार होती. ते आधी पकडता यावं, यासाठीच त्यानं हा प्रोग्राम लिहिला होता.

उमादेवी खाली बसली. "किती वर्सं हाईत?"

"धा असतील. पंधरा बी."

"अन् इलाज?"

"न्हाई अजून."

"मग हे हुडकून काय केलंस रे अण्णा?"

"कवातरी औषध निघंल. तवा कुणाला आधी द्यायचं, ते कळाय पाहिजे." बोलताना ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

गंगम्मा रडली नाही. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "एक तर सुटला माझा. सिद्दू हाय तुला. लगीन कर म्हणलं की पुढच्या वर्षी म्हणून टाळतो, पण आता करंल. त्याची बायको तुला पाणी पाजंल, उमा. तुला कुणाच्या दारात पडू देणार न्हाई तो."

सिद्धराम पडद्याकडंच बघत राहिला.

उमादेवीनं डोळे पुसले. पट्टे सोडून तिनं भावापुढं धरले. "निरोगी माणसाचं कसं येतं, ते मला बघायचंय. ऊठ, चाल."

त्यानं पट्टे घेतले, पण तो उठला नाही.

"उमा," तो म्हणाला, "आजारी चाल कशी असती, हे ह्या यंत्राला मी माझ्याच पायांवरून शिकवलंय."