कवडूची दीक्षा

“काहून थांबला गा? वाच,” फादर जितेंद्र म्हणाले.

बोनिफास कागद हातात धरून उभा होता. नागपूरच्या या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवायच्या शाळेत, तो कॅमेरूनहून आला त्याला सात वर्षं झाली. स्वयंपाकघरातल्या इंदुताईंनी त्याला अशी मराठी शिकवली होती की भाजीवाल्या तोंडात बोटं घालत. परीक्षा झाल्या. सोबतच्या सगळ्यांची फादर होण्याची गुरुदीक्षाही झाली. याचीच तेवढी अडली. तिकडच्या बिशपांची परवानगी काही येईना, आणि का येईना ते, फादर म्हणत, देवालाच ठाऊक.

फादर सेमिनरीचे प्रमुख. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळ्यांवर काळा चष्मा, अक्षर म्हणून दिसत नव्हतं. पण जुन्या मिशनऱ्यांनी फ्रान्सला धाडलेल्या पत्रांच्या नकला सापडल्यापासून त्यांना चैन नव्हतं. त्यांच्या आजोबांचा भाऊ कवडू इथला पहिला देशी फादर व्हायचा होता. ऐन दीक्षेच्या तोंडावर त्याला घरी काटोलला परत पाठवलं. बिचारा मरेपर्यंत मान खाली घालून जगला. का पाठवलं, कोणाला कधी कळलं नाही. फ्रेंच येणारा एकटा बोनिफास, म्हणून जेवण झालं की तो मराठीत वाचून दाखवी.

“दीक्षा काहून थांबवली, ते यात लिहिलं हाये, फादर. पण वाईट हाये.”

“असू दे. घरच्यांचा जन्म गेला हे विचारण्यात. वाच.”

बोनिफासने थांबत थांबत वाचलं. “‘मुलगा हुशार आहे, भक्तीही आहे. पण या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही. एवढ्यात यांच्या हाती चर्च देणं धोक्याचं. दीक्षा थांबवावी. त्याला कारण सांगू नये.’”

फादर खुर्चीतून उठले. एवढं विषारी काही असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

“आमच्या रक्तावर जाते हा?” ते म्हणाले. “अन् वरून कारण सांगू नका म्हणते. अशा माणसाले वेदीपाशी उभं नाही राहू द्यावं, बोनिफास. कोण हाये तो? सही वाच.”

बोनिफासने कागद त्यांच्या हातात दिला.

“कवडूआजाचं पत्र अजून सापडलं नाही, फादर. हे माह्याबद्दल हाये. हे इंग्रजी पत्र आमच्या बिशपनं मले पाठवलं. सही तुमची हाये.”