माणसांचा रकाना

"खोलीत माणसं किती असतात, काका?" रूपालीने टेप गुंडाळत विचारलं.

ती एसीच्या दुकानातून माप घ्यायला आली होती. दहा बाय बाराची खोली, डोक्यावर तापणारा स्लॅब, पश्चिमेची भिंत, एक खिडकी, सगळं तिने कागदावर उतरवून घेतलं होतं. माणसांचा रकाना तेवढा राहिला होता.

"दोन," सर्जेराव म्हणाले. "दोन बी लई झाले. मी शेंद्र्याला कंपनीत, सेकंड शिफ्टला. दुपारची ही एकटीच."

ही म्हणजे कडूबाई. त्या खिडकीजवळच्या पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पहिलं गेल्या मे महिन्यात झालं, तेव्हा घामाने जखम चिघळता चिघळता राहिली होती. या वेळी खोली गार पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं आणि पंख्यालाही तीनच्या पुढे न जाऊ देणारे सर्जेराव निमूटपणे एसीच्या दुकानात गेले.

गेले खरे, पण स्वभाव काही घरी ठेवून गेले नव्हते. एक टनाचा, पाच स्टारचा, कमीत कमी वीज खाणारा, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. दाराच्या फटीला लावायची रबरी पट्टीसुद्धा आणून झाली होती.

"दार लावून घ्यायचं. येणारं-जाणारं बंद. दार उघडलं की गार हवा भाईर. काय, ताई?"

"बरोबर आहे," रूपाली म्हणाली. "माणसं वाढली तरी फरक पडतो. बसल्या जागी प्रत्येकाच्या अंगाची उष्णता असतेच. दोनच असतील तर एक टन पुरेल."

तिने रकान्यात दोन लिहिले.

"नऊ लिहा," पलंगावरून आवाज आला.

सर्जेराव गर्रकन वळले. "नऊ? मंगल कार्यालय हाय का हे?"

"मी एक. चंपाबाई, सत्यभामा, सत्यभामाची सासू, आवडाबाई, आन मागल्या पत्र्याच्या खोल्यांतल्या चौघी." कडूबाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. "झाल्या का नऊ?"

"त्या कशापायी यायच्या? तुला आराम करायचाय का गप्पा हाणायच्यात?"

कडूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "गेल्या साली ट्रान्सफॉर्मर जळाला होता. चार दिवस लाईट नव्हती. ध्यानात हाय का?"

ध्यानात होतं. कंपनीत जनरेटर होता, त्यांना झळ लागली नव्हती. घरी आल्यावर "कसं काय?" विचारलं की "बरंय" एवढंच उत्तर मिळायचं. खिडकीवर ओली चादर टांगलेली असायची.

"ती चादर दिवसभर ओली कोण ठेवत होतं? मला तर पलंगाखाली पाय ठेवता येत नव्हता."

सर्जेरावांची नजर खिडकीकडे गेली.

"तुम्ही निघाले की ह्या आठजणी यायच्या. दोघी पुठ्ठ्यानं वारा घालायच्या, बाकीच्या चादरी भिजवायच्या. हात भरून आला की दुसरी बसायची. तुम्हाला सांगू नको म्हणल्या. भाऊंचं कामात ध्यान लागायचं नाय, असं त्यांचं म्हणणं."

सर्जेरावांना एकदम गॅलरीतला ड्रम आठवला. नळाला पाणी आठव्या दिवशी, त्यामुळे ते रोज झाकण उचलून बघायचे. त्या चार दिवसांत ड्रम फारसा उतरलाच नव्हता. बायको दुखण्यातही पाणी कसं जपून वापरते, हे त्यांनी कंपनीत चार जणांना कौतुकाने सांगितलंही होतं.

"मग पाणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"आपापल्या घरून आणायच्या. एकेक कळशी. आपल्या ड्रमला कुणी हात लावला नाय. दुखणाईताच्या घरचं पाणी उतरवायचं नसतंय, म्हणायच्या."

रूपालीने घसा साफ केला. "काका, नऊ माणसांना दीड टन लागेल. वर स्लॅबला पांढरा चुना मारून घ्या, म्हणजे त्यात भागेल. आणि पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी घ्या. काकू एकट्या असल्या की तो आपोआप हळू चालतो, माणसं जमली की जोर धरतो. वीज वाया जात नाही."

"आन दार?" कडूबाईंनी विचारलं.

"दार समद्या आत आल्या की लावायचं," सर्जेराव म्हणाले.

त्यांनी रूपालीच्या हातातून कागद घेतला, दोनवर काट मारली आणि शेजारी ठसठशीत नऊ लिहिला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलं नाही. वर्षभर आपण या बायकांना गॅलरीतून नुसती मान हलवत आलो, याची त्यांना लाज वाटली. आणि त्याहून जास्त, त्या होत्या म्हणून फार बरं वाटलं.

"पहिली कळशी कुणी आणली गं?"

"चंपाबाईनं."

"तिच्याकडं ड्रम मोठा असंल."

"ड्रम कुठला," कडूबाई म्हणाल्या. "दोनच कळशा हायेत तिच्याकडं."