सत्त्याण्णव गुणांची बकरी

बकरीला सत्त्याण्णव गुण मिळाले. शाळेच्या अहवालानुसार असं काही घडलंच नाही, तेव्हा आपणही तसंच समजून पुढे जाऊ.

जिल्ह्याचे पर्यवेक्षक अर्नुल्फो सर सकाळच्या नावेने गिमारास बेटावर उतरले, तेव्हा सातवीचा वर्ग तयार होता. रोवेना मॅमनी तंत्रज्ञानाचा नवा अभ्यासक्रम बनवला होता. सरांची सही झाली तर तो चालू. नाहीतर मुलं पुन्हा वहीत माऊसचं चित्र काढून त्याची शेपटी रंगवणार. शाळेत संगणक नव्हता. गावच्या फिएस्टातलं, म्हणजे जत्रेतलं, गाण्याचं व्हिडिओके यंत्र मात्र होतं. आपण गायचं, शेवटी ते तुतारी वाजवून शंभरपैकी गुण देतं.

"पहिला धडा काय?" पान्सितच्या शेवयांची बशी हातात घेत सरांनी विचारलं.

"यंत्र म्हणेल ते लगेच खरं मानायचं नाही. आधी तपासायचं."

सरांचा घास थांबला. गेल्या फिएस्टात याच यंत्राने त्यांना नव्व्याण्णव दिले होते. त्या पडद्याचा फोटो त्यांच्या घरी भिंतीवर होता, लग्नाच्या फोटोच्या वर.

जोवेलिन नावाच्या मुलीने उठून वर्गाने केलेल्या तपासणीचा तक्ता वाचला. "सुरात गायलं, बाहत्तर. बेसूर पण जोरात, नव्वद. माइकपुढे नुसता पंखा, अठ्ठ्याऐंशी. आता बकरी."

"बकरीचं राहू दे गं," मॅम घाईने म्हणाल्या.

"का? होऊन जाऊ दे की!" सर म्हणाले. त्यांना अजून कल्पना नव्हती.

बकरी माइकपाशी आली, मनापासून ओरडली. तुतारी वाजली. सत्त्याण्णव.

सरांनी बशी खाली ठेवली, माइक पुसला आणि डोळे मिटून आपलं ठेवणीतलं गाणं म्हटलं. एक्क्याऐंशी.

"तुमचा आवाज गोड आहे, सर," जोवेलिन समजुतीने म्हणाली. "म्हणूनच कमी पडले. याला गोड कळत नाही, मोठं कळतं."

"मग माझे नव्व्याण्णव?"

"त्या दिवशी मागे फटाके वाजत होते, सर."

मॅम सरांच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिल्या.

सरांनी बाह्या वर केल्या. "सगळे उठा. माझ्याबरोबर ओरडा!"

चाळीस पोरं, बाकं, डब्यांची झाकणं, मॅमसुद्धा. शेजारच्या वर्गाला भूकंप वाटला. तुतारी वाजली. शहाण्णव.

सर इतके हसले की चष्मा पान्सितमध्ये पडला. मग त्यांनी यंत्र पालथं केलं आणि जमिनीवर फतकल मारली. "पेचकस आणा रे. बकरीला एक गुण जास्त कसा, ते उघडूनच बघू."

शेवटची नाव चुकली. सही मात्र झाली. तिच्या वर सरांनी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला: "अभ्यासक्रम मंजूर. प्रात्यक्षिकात कोणताही प्राणी सहभागी नव्हता. तथापि, सदर प्राण्याचे गुण दोनने कमी करून मिळावेत, ही नम्र विनंती."